वाढत्या अंगाची काठी

“एवढ्या लाकडात दोन लाटणी निघाली असती,” आई माझ्या कानाशी पुटपुटली. “आणि उरलेल्यात रवी.”

तिला पुटपुटायला माझ्या कानाशिवाय दुसरी जागाच नव्हती. सोलापूरच्या नव्या पेठेतलं ते खेळाच्या सामानाचं दुकान इतकं अरुंद होतं, की मालक रशीदभाईंना स्टुलावरून खाली उतरायचं झालं तर अण्णांना एकदा रस्त्यावर जाऊन यावं लागत होतं. भिंतीला ओळीनं हॉकीच्या काठ्या टेकवून ठेवलेल्या. मुठी खाली, डोकी वर, आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या. पाव्हणे बघायला आल्यावर मुली बसतात तशा.

बघत होते अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातले सुतार. सगळं गाव त्यांना पांचाळ मिस्त्री म्हणायचं. एकेक काठी उचलायची, एक डोळा मिटायचा, काठी बंदुकीसारखी दुसऱ्या डोळ्याला लावायची आणि तिच्या अंगावरून नजर पार टोकापर्यंत न्यायची, असं चाललं होतं.

“ही वाकडी आहे,” ते म्हणाले.

“मिस्त्री, हॉकीची स्टिक वाकडीच असते,” रशीदभाई म्हणाले.

“खाली वाकडी असते. ही वरसुद्धा वाकडी आहे.”

रशीदभाईंनी ती काठी घेतली, स्वतः एक डोळा मिटून बघितली आणि मागच्या बाजूला ठेवून दिली. अशा चार काठ्या मागं गेल्या. आईनं सुस्कारा सोडला. तिच्या हिशेबी लाटणी वाढत चालली होती.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मी पंधरा वर्षांची होते आणि शाळेच्या मुलींच्या संघात डाव्या बाजूनं पुढं खेळत होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरजेला निवड चाचणी होती. शाळेच्या काठ्या मुलांचा संघ सांगलीला घेऊन जाणार होता, म्हणून मुलींपैकी जिला मिरजेला जायचं तिनं स्वतःची काठी आणायची, असं लोबो सरांनी सांगितलं होतं. लोबो सर रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी शिट्टी आणि दोन झेंड्या परत केल्या नव्हत्या, त्या घेऊन ते आम्हाला हॉकी शिकवत. हिरवी झेंडी म्हणजे पुढं जा, लाल म्हणजे मागं फिरा. कोण कुठं चुकतंय ते ओरडून सांगायला त्यांना झेंडी लागत नसे.

सोलापूरला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या हाती चिठ्ठी दिली होती. “वडिलांना दे. माप लिहिलंय. काठी कमरेच्या हाडाला लागली पाहिजे, त्याच्यावर नको. ध्यानात ठेव गो, माप चुकलं तर काठी सोन्याची असली तरी फुकट.”

चिठ्ठी मी अण्णांना दिली होती. त्यांनी वाचली होती. वाचून शर्टाच्या खिशात ठेवली होती.

“सरांनी काही माप सांगितलंय का?” आता रशीदभाईंनी विचारलं.

“नाही,” अण्णा म्हणाले.

मी आईकडं बघितलं. आई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. अण्णा खोटं बोलत नसत. माणसांशी नाही आणि लाकडाशी तर नाहीच नाही.

“मग मापतो की. बेटा, सरळ उभी राहा.” रशीदभाईंनी एक काठी माझ्या पायाशी उभी धरली. वरचं टोक बरोबर कमरेच्या हाडाला टेकलं. “पस्तीस. बघ हातात घेऊन.”

मी घेतली. वाकले. डावा हात वर, उजवा खाली. जमिनीवर नसलेला चेंडू दोनदा इकडून तिकडं नेला. काठी अशी चालली, जणू माझ्या हाताला कोपरापासून खाली तेवढाच भाग कमी होता आणि तो आज सापडला.

“हीच तिची,” रशीदभाई म्हणाले.

“सदतीसची दाखवा,” अण्णा म्हणाले.

“सदतीस? मिस्त्री, सदतीस तुमच्या उंचीच्या माणसाला लागते.”

“वाढत्या अंगाची पोर आहे.”

आता इथं आमच्या घराची रीत सांगायला हवी. आमच्या घरात कुठलीही वस्तू आजच्या मापाची आणत नसत. वाढत्या अंगाची आणत. चपला दोन बोटं मोठ्या, पुढं कापूस. स्वेटरच्या बाह्या दुमडलेल्या. शाळेचा झगा खालून वीतभर आत शिवलेला, म्हणजे पुढच्या वर्षी उसवला की झालं. सातवीत शिवलेला माझा झगा मी नववीतही घालत होते. आई दर जूनला ती दुमड बघायची, हाताखाली धरून क्षणभर थांबायची, आणि परत तशीच इस्त्री करायची. ती कधी उसवायची वेळ आली नव्हती. त्याबद्दल घरात कुणी काही बोलतही नव्हतं.

“बूट मोठा घेतला तर कापूस घालता येतो,” रशीदभाई म्हणाले. “स्टिकमध्ये काय घालणार?”

“वर्षभरात वाढेल ती. आमच्या घरात सगळे उंच आहेत. माझी बहीण दारातून येताना मान वाकवते.”

रशीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. आई अजून कॅलेंडरच वाचत होती. त्या महिन्यात किती चतुर्थ्या होत्या ते तिला पुढं जन्मभर सांगता आलं असतं.

सदतीसच्या सात काठ्या निघाल्या. अण्णांनी सहा बाजूला सारल्या. सातवी त्यांनी नखानं ठोकून ऐकली. नुसती ऐकली नाही, दोनदा ऐकली. मग दारात जाऊन उजेडात धरली. तुतीचं लाकूड, मधाच्या रंगाचं. त्यातल्या रेषा मुठीपासून निघून खालच्या वळणाबरोबर न तुटता वळल्या होत्या. वेताची मूठ लाकडात अशी बसवली होती, की सांधा बोटाला लागत नव्हता.

“एक गाठ नाही,” अण्णा अगदी हळू म्हणाले. “बघ कुंदे. वळवलंय, पण दुखवलेलं नाही लाकडाला.”

मी बघितलं. खरंच सुंदर होती. मी हातात धरली, तर तिचं वरचं टोक माझ्या बेंबीच्याही वर आलं.

“कशी वाटते?”

त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी म्हणाले, “छान आहे.”

“लाकूड तुम्ही या दुकानातलं सगळ्यात चांगलं निवडलंत,” रशीदभाई कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाले. “मापाचं मी काही बोलत नाही. तुमची पोर, तुमचं माप.”

परतीच्या पॅसेंजरमध्ये ती काठी आम्हा तिघांच्या मांड्यांवर आडवी होती. कुर्डुवाडी येईपर्यंत अण्णांचा अंगठा तिच्यावरून फिरत होता. ती अजून आहे माझ्याकडं. आता मी तिनं छताची जाळी काढते. लोबो सर असते तर लाल झेंडी दाखवली असती.

*

“हे काय आणलंस?” सरांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं. “हॉकी खेळायचीय की होडी वल्हवायचीय?”

“अण्णांनी घेतली.”

“चिठ्ठी दिली नाहीस?”

“दिली.”

सरांनी काठी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, “खेळून दाखव.”

मी खेळून दाखवलं. म्हणजे मी पळत होते आणि काठी मला ढकलत होती. चेंडू ओढायला वाकले, की मुठीचं टोक पोटात बसायचं. न वाकता खेळायला गेले, तर चेंडू निघून जायचा आणि मी कुंपणाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यासारखी काठी टेकून त्याच्याकडं बघत राहायची. हात खाली सरकवून धरून बघितलं. मग वरचं उरलेलं टोक बरगडीला लागायला लागलं.

“बाकीच्या पोरींना मी वाका, वाका म्हणून ओरडतो,” सर म्हणाले. “तुला देवानं आयतंच जमिनीजवळ ठेवलंय, तर तू आता सरळ उभी राहून खेळतेस!”

पोरी हसल्या. मीही हसले. आठ दिवसांत माझ्या पोटावर बेंबीच्या वर एक निळा डाग उठला, मग तो हिरवा झाला, मग त्याच जागी दुसरा निळा उठला.

“दोन इंच कापून टाक वरून,” सर म्हणाले. “वेत आहे, करवतीनं पाच मिनिटांचं काम. वरून दोरा आणि पट्टी गुंडाळायची. तुझ्या तर घरात सुतार. दुसरी कुणी असती तर मी समजलो असतो.”

“हो सर.”

“आज सांगशील?”

“हो सर.”

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सरांना वाटत होतं, मी बापाला घाबरते. मी अण्णांना कधीच घाबरले नाही. ते कधी रागावलेले मला आठवत नाहीत. पण झग्याची दुमड वेगळी आणि लाकूड वेगळं. दुमड उसवता येते, परत घालता येते, त्याला कुठं काही म्हणावं लागत नाही. लाकूड कापलं की कापलं. अण्णा स्वतःच म्हणायचे, दोनदा मापावं, एकदा कापावं, कारण कापलेलं चिकटवणारा अजून जन्माला यायचाय. काठी कापा म्हणणं म्हणजे कशाला काय म्हणण्यासारखं होतं, ते मला माहीत होतं. म्हणून तोंडाशी आलेलं मी रोज भाताबरोबर गिळत होते.

आईनं डाग बघितला न्हाणीत. दुसऱ्या दिवशी मी खेळायचा झगा घातला, तर आतून पोटाच्या जागी काहीतरी मऊ लागलं. जुन्या गोधडीचा चौकोनी तुकडा होता, बारीक टाक्यांनी कडेनं शिवलेला. अगदी टोक लागायचं तिथंच. माप न घेता बरोबर जागेवर.

“हे काय?” मी म्हटलं.

“गार वारा सुटलाय,” आई म्हणाली. “पोटाला लागतो.”

आश्विनातलं कुर्डुवाडीचं ऊन ज्यांना माहीत आहे, त्यांना या वाऱ्याबद्दल काय वाटेल ते वाटो.

*

अण्णांचा आणि माझा एक सण होता. खंडेनवमीला सुतारांची हत्यारं पूजेला लागतात. रंधे, पटाशा, करवती, सगळं घासून, तेल लावून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची. एकदा पूजा लागली, की दसऱ्याच्या दुपारपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस त्यांना बसू द्यायचं. पण पूजा लागायच्या आधी त्या वर्षातलं शेवटचं माप घ्यायचं, आणि ते माझं. स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून मी उभी राहायची. अण्णा गुण्या घेऊन यायचे. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. त्याची एक बाजू चौकटीला, एक माझ्या डोक्यावर, आणि त्याच्या खालच्या कडेशी पेन्सिलीची खूण. शेजारी साल. क्वार्टर रंगवायला रेल्वेची माणसं आली, की अण्णा त्या एका चौकटीसमोर खुर्ची टाकून बसायचे. ती चौकट कधी रंगली नाही.

चौकटीवर आठव्या आणि नवव्या वर्षाच्या खुणा अगदी जवळजवळ होत्या. आठव्या वर्षी मी आजारी पडले होते. तोंड सुजायचं, पाय सुजायचे, मूत्रपिंडाचा काहीतरी आजार होता. दोन वर्षं छोट्या पांढऱ्या गोळ्या घ्याव्या लागल्या. सकाळी वर्कशॉपचा भोंगा व्हायच्या आधी अण्णा मला उठवायचे. एका हातात गोळी, दुसऱ्यात गुळाचा खडा. दोन वर्षांत त्यांनी एक दिवस चुकवला नाही. गाडी चुकेल, पण गोळी चुकणार नाही, असं आई म्हणायची. मी बरी झाले.

त्यानंतरच्या खुणा भराभर वर गेलेल्या होत्या. तेराव्या वर्षीची बाराव्याच्या वर बोटभर. चौदाव्याची त्याच्याही वर, दोन बोटं. आलेल्या-गेलेल्याला अण्णा ती चौकट दाखवायचे.

फक्त एक होतं. त्याच चौकटीवर आईनं पिशवी टांगायला खिळा मारला होता. बाराव्या वर्षी तो माझ्या भुवईच्या शेजारी होता. तेराव्या वर्षीही भुवईशेजारी. चौदाव्यालाही.

तेराव्या वर्षी मी टाचा उचलल्या होत्या. थोड्याच. अण्णा गुण्या हातात घेऊन असे आशेनं आले होते, की मला राहवलं नाही. चौदाव्या वर्षी मी टाचा जरा जास्त उचलल्या, आणि त्याच वेळी मला डोक्यावर पेन्सिलीचा आवाज ऐकू आला. नेहमीसारखा कानाजवळ नाही, जरा वर. अण्णांनी खूण गुण्याच्या खालच्या कडेनं केली नव्हती, वरच्या कडेनं केली होती. ज्या माणसाचं माप आयुष्यात कधी एका सुतानं चुकलं नव्हतं, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यानं पोरीच्या डोक्यावर गुण्याची अख्खी पट्टी चढवली होती.

माझ्या टाचा त्यांना दिसल्या नाहीत, असं तेव्हा मी धरून चालले होते. सुताराला जमिनीपासून सुटलेली वस्तू दिसत नाही, असं मला वाटायचं. म्हणजे मी किती लहान होते बघा.

*

खंडेनवमीच्या सकाळी सरावाला सरांनी मला बाजूला घेतलं.

“उद्या सकाळची गाडी आहे मिरजेची,” ते म्हणाले. झेंड्या त्यांनी काखेत धरल्या होत्या. “कुंदा, ही काठी घेऊन मी तुला नेणार नाही. तू वाईट खेळशील आणि घरी येऊन म्हणशील, मला येतच नव्हतं. तसं मी होऊ देणार नाही. संध्याकाळपर्यंत काठी कापलेली दिसली तर तू. नाहीतर तुझ्या जागी शोभा गुंड.”

“आज हत्यारं पूजेला लागतात सर. आज कापता येत नाही.”

“आणि काल? परवा?”

मी काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढली.

“मी येतो संध्याकाळी घरी,” सर म्हणाले. “मीच बोलतो मिस्त्रींशी.”

ते आले. पाच वाजता, इस्त्रीचा शर्ट घालून. एक गुण्या सोडून पाटावर सगळी हत्यारं मांडून झाली होती. करवतीच्या पात्यावर हळदकुंकवाचे पाच ठिपके. आईनं सरांना बसायला खुर्ची दिली, हातात चहा दिला. सरांनी चौकटीवरच्या खुणा बघितल्या. मग माझ्याकडं बघितलं. मग दारामागं उभी असलेली काठी बघितली. मग परत खुणा. मी त्यांचा चेहरा बघत होते. गार्डाचा चेहरा, शेवटच्या डब्यातून रूळ बघणारा. पुढं काय आहे ते त्याला शेवटीच कळतं, पण कळतं.

“बोला सर,” अण्णा म्हणाले. “पोरीचं काही?”

सरांनी चहाचा घोट घेतला. “लाकूड मात्र फार छान निवडलंत मिस्त्री,” ते म्हणाले.

झालं. वीस पोरींच्या अंगावर ओरडणारा माणूस माझ्या बापासमोर लाकडाची स्तुती करून गप्प बसला. आई घाईघाईनं ओवाळणीचं ताट नीट करायला लागली. ते नीटच होतं.

“चल कुंदे,” अण्णा म्हणाले. “पूजेआधी माप.”

मी चौकटीशी गेले. पाठ लावली. अण्णा गुण्या आणि कानावरची पेन्सिल घेऊन समोर आले. त्यांच्या अंगाला त्या दिवशी लावलेल्या तेलाचा वास येत होता. खिळा माझ्या भुवईच्या शेजारी होता, नेहमीच्या जागी. पोटाशी आईचा गोधडीचा तुकडा होता.

मला कापा म्हणता येत नव्हतं. टाचा खाली ठेवता येत होत्या.

मी त्या खाली ठेवल्या. दोन्ही. अशा घट्ट, की फरशीचा गारवा पार पोटऱ्यांपर्यंत आला.

गुण्या डोक्यावर टेकला. आणि थांबला. अण्णांनी खाली बघितलं, माझ्या पायांकडं. तेव्हा मला कळलं, की ते दरवर्षी बघत आले होते. सरांच्या कपाचा बशीला आवाज झाला. आईच्या ताटातली वात तडतडली.

“अण्णा,” मी म्हटलं. “खालच्या कडेनं करा.”

पेन्सिलीचा आवाज माझ्या कानाजवळ झाला.

मी बाजूला झाले आणि आम्ही सगळ्यांनी बघितलं. तेराव्या आणि चौदाव्या वर्षाच्या खुणा वर होत्या, कुणा दुसऱ्याच मुलीच्या असाव्यात तशा. पंधराव्याची खूण बाराव्या वर्षीच्या खुणेवर बसली होती. एका सुताचाही फरक नव्हता. जणू जुनीच रेघ कुणी परत गिरवली.

अण्णांनी गुण्या पाटावर ठेवला. पेन्सिल कानावर लावली. मग हत्यारांच्या रिकाम्या पेटीत, तळाशी हात घातला आणि घडी केलेला कागद काढला. लोबो सरांची चिठ्ठी. इतके दिवस त्यांनी ती रंध्याखाली जपून ठेवली होती.

“पस्तीस म्हणाला होतात,” ते सरांना म्हणाले.

“हां. पण मिस्त्री, उद्या दसऱ्यानंतरसुद्धा... मी शोभाला काय ते सांगतो...”

“उद्या गाडी सकाळी आहे.”

त्यांनी वाकून पाटावरची करवत उचलली. झेंडूचं फूल घरंगळत माझ्या पायाशी आलं.

“अहो,” आई म्हणाली, “हत्यारं पूजेला लागलीत.”

“लागली तर लागली. पोरीच्या कामाला रागावणार नाहीत.” त्यांनी करवत कपाळाला लावली. कुंकवाचा एक ठिपका त्यांच्या कपाळावर उठला. “कुंदे, काठी आण.”

मी आणली. त्यांनी मुठीवरची पट्टी सोडवली, दोरा सोडवला, काठी उंबऱ्यावर आडवी ठेवली. फूटपट्टी लावून माप घेतलं. परत घेतलं. मग तिसऱ्यांदा घेतलं. त्यांना तिसऱ्यांदा माप घेताना मी कधी बघितलं नव्हतं.

“पाय दे त्या टोकावर. हलू देऊ नको.”

मी पाय दिला. करवत वेतात शिरली. सोनेरी भुसा पडायला लागला, त्यात मधेच लाल कण. अण्णांचा हात सरळ रेषेत पुढं-मागं जात होता, रोजच्यासारखा. दोन इंचांचा तुकडा उंबऱ्यापलीकडं पडला आणि गडगडत अंगणात गेला. आणायला कुणी उठलं नाही.

अण्णांनी कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. कूस लागू नये म्हणून पटाशीनं कड मारली, काचेच्या तुकड्यानं घासली. दोरा गुंडाळला, दात लावून तोडला. त्यावर पट्टी चढवली. लोबो सर झेंड्या मांडीवर घेऊन बसले होते, एक हिरवी, एक लाल, दोन्ही गुंडाळलेल्या.

मग अण्णांनी काठी दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. माझ्याकडं बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी न बघता माझ्याकडं बघितलं.

“त्या गोळ्यांनी तू वाचलीस आणि त्याच गोळ्यांनी वाढ खुंटली,” ते म्हणाले. “तू बारा वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं मला. रोज सकाळी मीच दिल्या, गूळ दाखवून. कुंदे, तू आता वाढणार नाहीस. एवढीच राहशील. धर, बघ हाताला बसते का.”